वाई नगर : मुलांस सांगावयाची हकीकत

(१) प्रस्तुत लेखकानें सुमारें तीस वर्षें शाळेंत संस्कृत व इतिहास हे विषय शिकविले. एके वर्षीं मुलांस घेऊन वाईस जाण्याचा योग आला. ढोल्या गणपतीच्या घाटावर उभें राहून, 'हें देवालय गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं इ. स. १७६२ मध्यें बांधलें,' असें मीं नेहमींच्या रीतीनें सांगितलें. तोंच एका मुलानें विचारलें, "गुरुजी, रास्त्यांनीं स्वतः दगड घडविले काय ?" सारीं मुलें हंसलीं, मीही हंसलों, आणि 'परीक्षेंत एवढेंच विचारतात,' असें म्हणून पुढें चाललों. तें उत्तर शिक्षकास शोभणारें नव्हतें. आतां सवड मिळाली आहे. तेव्हां वाईची हकीकत मुलांस कशी सांगावी, तें येथें मांडतों.

(२) प्रथम स्थल. कृष्णा महाबळेश्वरास उगम पावते आणि डोंगराच्या कुशींतून उतरून वाईपाशीं मोकळ्या खोऱ्यांत येते. नगराच्या पाठीशीं पांडवगड आहे. पश्चिमेस पसरणीचा घाट चढला कीं पांचगणी व पुढें महाबळेश्वर लागतें. कोंकणांतून पारघाटानें वर येणारी वाट महाबळेश्वराच्या डोंगरावरून याच बाजूस उतरते. घाट उतरलेल्या बैलास पाणी, चारा व विसावा पाहिजे. कोंकणच्या मालास देशावरचें गिऱ्हाईक पाहिजे. नदी, वाट आणि काळी जमीन हीं तीन एके ठिकाणीं आलीं म्हणजे तेथें पेठ वसते. हें मुलांस नकाशा पुढें ठेवून दाखवावें. राजांचीं नांवें मागाहून सांगावीं.

(३) दुसरें, प्रमाणविचार. न्यायशास्त्रांत प्रत्यक्ष, अनुमान व शब्द हीं प्रमाणें सांगितलीं आहेत; तीं दहा वर्षांच्या मुलासही समजतात. वाई म्हणजे पांडवांच्या अज्ञातवासांतील विराटनगरी, ही जनश्रुति आहे. परंतु विराट हा मत्स्यदेशाचा राजा, आणि मत्स्यदेश उत्तरेकडील. जयपुराजवळच्या बैराट गांवाशीं विद्वान् लोक त्या नगरीचें ऐक्य मानतात. म्हणून ही जनश्रुति इतिहास नव्हे. तरी ती टाकूनही देऊं नये. गांवाच्या लोकांस आपल्या गांवाविषयीं काय वाटत आलें, याचा ती पुरावा आहे. वाईजवळ लोहारें येथें डोंगरांत कोरलेलीं बौद्ध लेणीं आहेत. यावरून या खोऱ्यांतील वस्ती व रहदारी फार जुनी, इतकें अनुमान निर्धास्तपणें करतां येतें. त्यापलीकडे जाऊं नये.

(४) आतां राजकीय हकीकत थोडक्यांत. आदिलशाहींत वाई हें सुभ्याचें ठिकाण होतें व अफझलखान तेथें सुभेदार होता. इ. स. १६५६ मध्यें शिवाजीमहाराजांनीं जावळी घेतली, तेव्हां वाईच्या पश्चिमेचे घाट स्वराज्यांत आले. इ. स. १६५९ त खानानें वाईस तळ दिला. तेथून डोंगर ओलांडून तो पारास गेला, व १० नोव्हेंबर रोजीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं मारला गेला. हें संकट टळावें म्हणून वाईकरांनीं कृष्णामाईस नवस केला व तेव्हांपासून कृष्णाबाईचा उत्सव सुरू झाला, अशी परंपरा सांगतात. हा उत्सव नदीकांठच्या निरनिराळ्या आळ्यांच्या घाटांवर पाळीपाळीनें होतो. इ. स. १६८७ च्या अखेरीस वाईजवळच्या लढाईंत सरसेनापति हंबीरराव मोहिते तोफेचा गोळा लागून पडले. पुढें पेशवाईंत रास्ते घराणें उदयास आलें. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या याच घराण्यांतील. आज नदीकांठीं जीं देवालयें व घाट दिसतात, त्यांतील पुष्कळ त्या काळचीं आहेत. इ. स. १८१८ त पेशवाई गेली. सातारचें राज्य इ. स. १८४८ त खालसा झालें, आणि वाई इंग्रजी अमलाखालीं एक तालुक्याचें गांव होऊन राहिली.

(५) अनुमान कसें करावें, याचा उत्तम पाठ वाईजवळच मेणवलीस आहे. तेथें नाना फडणविसांचा वाडा व घाट आहे, आणि घाटावरील देवळापाशीं एक मोठी घंटा टांगलेली आहे. मुलांस कांहीं न सांगतां ती घंटा पाहूं द्यावी. तिच्यावर बालकास घेतलेल्या एका स्त्रीची आकृति आहे. ही यशोदा काय ? नव्हे, ती येशूची माता मेरी. मग हिंदूंच्या देवळांत ती कशी आली ? घंटा पोर्तुगीजांच्या चर्चमधील असली पाहिजे. मराठ्यांनीं पोर्तुगीजांपासून मोठें ठाणें केव्हां घेतलें ? इ. स. १७३९ त, चिमाजी अप्पांनीं वसई घेतली तेव्हां. मूल येथपर्यंत स्वतःच्या पायांनीं आलें, म्हणजे तें जन्मांत विसरत नाहीं. याच वाड्यांतील कागदपत्र 'मेणवली दप्तर' या नांवानें संशोधकांस परिचित आहेत. रावबहादुर पारसनीस यांनीं ते मिळविले नसते, तर पेशवाईच्या उत्तरकाळाविषयीं आपलें ज्ञान पुष्कळच तोकडें राहिलें असतें.

(६) आतां त्या मुलाचा प्रश्न. व्याकरणांत प्रयोजक कर्ता आणि प्रयोज्य कर्ता असे दोन मानले आहेत; करवितो तो पहिला, करतो तो दुसरा. आपले प्राचीन शिलालेख या बाबतींत आपणांपेक्षां सावध आहेत. देवालयाच्या धन्याविषयीं ते बहुधा 'कारितम्' म्हणतात, 'कृतम्' म्हणत नाहींत. मीं जन्मभर णिजन्ताचीं रूपें घोकवून घेतलीं, आणि नेमका घाटावर विसरलों. रास्त्यांनीं देवालय बांधविलें. बांधलें तें पाथरवटांनीं, वडारांनीं, गवंड्यांनीं, गाडीवानांनीं. त्यांचीं नांवें भिंतीवर नाहींत. त्यांची बुद्धि मात्र भिंतींतच आहे. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागील बाजू माशाच्या तोंडासारखी निमुळती बांधली आहे. पुराचें पाणी तिच्यावर येऊन दुभंगतें व दोहों अंगांनीं निघून जातें. कृष्णेचे अडीच शतकांहून अधिक काळाचे पूर त्या भिंतीनें सोसले आहेत. नदीचा स्वभाव ज्यानें वर्षानुवर्षें पाहिला, त्याचेंच हें काम. आणि या बांधकामास लागलेला पैका अखेर रयतेच्या शेतांतून आला, हेंही मुलांस सांगावें.

ती रयत आजही नगराचा आधार आहे. वाईची हळद प्रसिद्ध आहे. ती जमिनींतून काढली कीं लगेच बाजारांत जात नाहीं. शिजवावी लागते, वाळवावी लागते, घांसून पिवळी चकचकीत करावी लागते, आणि यांतील प्रत्येक पायरीस माणसाचे, बहुधा बायकांचे, हात लागतात. वरच्या बाजूस धोम येथें कृष्णेवर धरण झाल्यापासून खोऱ्यांत ऊंस वाढला; भुईंज येथें किसन वीर यांच्या नांवाचा सहकारी साखर कारखाना आहे. मात्र धरणाच्या पाण्याखालीं कांहींची शेतेंघरें गेलीं, ही दुसरी बाजूही गाळूं नये. अलीकडे घाटांवर व मेणवलीच्या वाड्यांत बोलपट घेतले जातात, त्यामुळेंही लोकांस काम मिळतें. इ. स. २०११ च्या खानेसुमारींत नगराची वस्ती सुमारें ३६ हजार भरली.

(७) शेवटीं शाळा. वाईस 'दक्षिणकाशी' म्हणतात, व तेथील विद्याही प्रसिद्ध आहे. परंतु ही जुनी विद्या शास्त्र्यांच्या घरीं चाले, आणि तिचें दार ब्राह्मणांच्या मुलग्यांपुरतेंच उघडें असे. मुली व इतर जातींचीं मुलें बाहेर राहिलीं. मी स्वतः त्याच विद्येवर वाढलों. म्हणून हें सांगण्याचें कर्तव्य माझ्यावर अधिक आहे. त्याच परंपरेंतून प्राज्ञपाठशाळा निघाली, हें वाईचें भाग्य. नारायणशास्त्री मराठे, पुढें संन्यास घेऊन केवलानंद सरस्वती झाले (१८७७–१९५५), हे तिचे संस्थापक. विनोबा भावे यांनीं कांहीं काळ येथें अध्ययन केलें. धुळें जिल्ह्यांतील पिंपळनेरचे लक्ष्मणशास्त्री जोशी (१९०१–१९९४) लहान वयांत येथें आले व येथलेच झाले. अस्पृश्यतेस शास्त्राचा आधार नाहीं, हें दाखविण्याच्या कामीं इ. स. १९३२–३३ त महात्मा गांधींना त्यांचें साह्य झालें. ज्या ग्रंथांच्या नांवानें दार लावलें होतें, तेच ग्रंथ हातीं घेऊन दार उघडावयास निघालेला हा पंडित याच लहान नगरांत तयार झाला. धर्मकोशाचें काम येथें चाललें. मीमांसाकोश येथेंच रचला गेला. आणि मराठी विश्वकोशाचें कार्यालयही शास्त्रीबोवांमुळें मुंबई-पुण्यास न जातां येथें आलें. त्याचा पहिला खंड इ. स. १९७६ त निघाला. आतां नगरांत सर्वांसाठीं विद्यालयें आहेत, महाविद्यालय आहे, आणि सकाळीं सायकलीवरून शाळेंत जाणाऱ्या मुलींची रांग लागते. माझ्या मतें वाईच्या इतिहासांत ही रांग कोणत्याही घाटाइतकीच महत्त्वाची आहे.

(८) शिक्षकबंधूंस एवढीच सूचना कीं, आपापल्या गांवाची अशी हकीकत प्रत्येकानें लिहावी, आणि ती लिहितांना 'बांधलें' व 'बांधविलें' हीं दोन क्रियापदें वेगळीं ठेवावीं. त्या दिवशींच्या मुलास मीं उत्तर देण्याचें टाळलें. तो आतां कोठें आहे, मला ठाऊक नाहीं. परंतु त्याचा प्रश्न विचारणारें एक तरी मूल प्रत्येक वर्गांत असतें. तें पुढें उभें राहील तेव्हां आपणांजवळ उत्तर तयार असावें.