गाडी गॅसवर आहे! शहापूर-मुरबाडच्या रस्त्यांवरचा एक विसरलेला इतिहास

आज आपल्याकडे कोणी ‘गाडी गॅसवर आहे’ म्हटलं की आपण सीएनजी समजतो. पंचवीस वर्षांपूर्वी ‘गॅस’ म्हणजे एलपीजी. तोच, जो स्वयंपाकघरात असतो. आसनगाव स्टेशनबाहेर उभ्या राहणाऱ्या मारुती व्हॅन, मुरबाड-टोकावडे फेऱ्या मारणाऱ्या जुन्या गाड्या, लग्नाच्या वऱ्हाडाला काढलेल्या पद्मिनी. यातल्या बऱ्याच गाड्यांच्या डॅशबोर्डखाली एक छोटा स्विच असायचा. एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला गॅस. त्या स्विचचा इतिहास कोणी लिहून ठेवलेला नाही. पण सरकारी धोरण आणि गावातलं गॅरेज यांचा संबंध समजून घ्यायचा असेल, तर तो स्विच फार कामाचा आहे.

पेट्रोलचं इंजिन गॅसवर चालवणं ही काही मारुतीच्या काळातली अक्कल नव्हे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशनिंग आलं, तेव्हा देशभर खासगी बस आणि ट्रकच्या मागे कोळशाच्या भट्ट्या बसवल्या गेल्या. कमी हवेत कोळसा जाळायचा आणि निघालेला गॅस गाळून इंजिनात सोडायचा. त्या गॅसचा मुख्य जळणारा भाग म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. गाडी चालायची, पण ताकद चांगलीच कमी व्हायची. चढ आला की दम लागायचा. ठाणे-कुलाबा पट्ट्यातल्या जंगलात कोळसाभट्ट्या लावायचं काम प्रामुख्याने कातकरी समाज करायचा. धूर खाणारा एक आणि प्रवास करणारा दुसरा, हा हिशोब तेव्हाही होताच. युद्ध संपलं, पेट्रोल आलं, भट्ट्या भंगारात गेल्या.

एलपीजी मुंबईत १९५५च्या सुमारास बर्मा शेलने आणला, ‘बर्शेन’ या नावाने. १९६५ साली इंडेन आला. तरी पुढची कितीतरी वर्षं गॅसचं कनेक्शन म्हणजे नंबर लावून वाट बघायची गोष्ट होती. आपल्या तालुक्यांत तर चूल हाच नियम होता. सिलिंडर आला तो आधी नोकरदारांच्या आणि बाजारपेठेतल्या घरांत. त्या सिलिंडरवर सरकारची सबसिडी होती, कारण बायकांच्या डोळ्यांतला धूर जावा. पेट्रोलवर मात्र कराचा बोजा.

आता साधं गणित करा. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस. लिटरमध्ये मोजला तर साधारण २६ लिटर. गॅसवर लिटरमागे ॲव्हरेज २० ते २५ टक्के कमी मिळतं, म्हणजे एका सिलिंडरमध्ये जवळपास २० लिटर पेट्रोलचं काम. सबसिडीचा सिलिंडर आणि २० लिटर पेट्रोल यांच्या किमतीत जेवढी दरी, तेवढा गाडीवाल्याचा फायदा. शाळा न शिकलेल्या ड्रायव्हरलाही हे गणित तोंडपाठ होतं.

२००० साली दोन गोष्टी घडल्या. मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन एलपीजी आणि सीएनजीवर गाडी चालवायला कायदेशीर वाट मिळाली. आणि त्याच वर्षीच्या एलपीजी नियंत्रण आदेशाप्रमाणे घरगुती गॅस गाडीत वापरणं हा अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली गुन्हा ठरला. कागदावर सगळं चोख. मान्यताप्राप्त किट, मान्यताप्राप्त टाकी, आरसी बुकात नोंद, आणि गॅस भरायचा तो ऑटो एलपीजीच्या पंपावर.

पण पंप कुठे? ते आधी मोठ्या शहरांत आले. धसईचा किंवा डोळखांबचा गाडीवाला गॅस भरायला शहरापर्यंत जाणार, म्हणजे वाचवलेले पैसे वाटेतच जाळणार. दिल्लीने परवानगी दिली, पण परवानगीचा गॅस काही किन्हवलीपर्यंत पोचला नाही. पोचला होता फक्त लाल सिलिंडर. मग डिकीत तोच सिलिंडर आडवा पडला. कुठे पंप लावून सिलिंडरातला गॅस गाडीच्या टाकीत ओढायचे अड्डे झाले. अशा अड्ड्यांवर छापे पडल्याच्या बातम्या राज्यात आजही येतात.

या सगळ्यात खरी गाडी सांभाळली ती आपल्या मिस्त्री लोकांनी. कंपनीचं ट्रेनिंग नाही, मीटर नाही, मराठीत एक पुस्तक नाही. जे शिकले ते कानाने आणि हाताने. त्यांचं हे ज्ञान आता त्यांच्याबरोबरच चाललंय, म्हणून थोडं इथे लिहून ठेवतो.

टाकीत एलपीजी द्रव असतो. इंजिनजवळच्या व्हेपोरायझरमध्ये त्याचा वायू होतो. द्रवाचा वायू होताना उष्णता खेचली जाते, म्हणून रेडिएटरचं गरम पाणी व्हेपोरायझरमधून फिरवलेलं असतं. पाणी कमी झालं किंवा पाइपात हवा अडकली की व्हेपोरायझरवर बर्फ जमतो आणि गाडी धक्के खात बंद पडते. गिऱ्हाईक म्हणणार, ‘गॅस खराब आहे.’ अनुभवी मिस्त्री स्क्रूला हात न लावता इंजिन थंड होऊ देणार आणि आधी पाणी बघणार. सकाळी गाडी पेट्रोलवर चालू करायची आणि गरम झाल्यावरच स्विच फिरवायचा, या नियमाचं कारणही हेच.

दुसरं दुखणं म्हणजे ‘फाट’ असा आवाज येऊन एअर फिल्टरचं झाकण उडणं, म्हणजेच बॅकफायर. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते. प्लग झिजलेला, वायरीला तडा गेलेला, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल, आणि त्यात गॅस कमी हवा जास्त असं मिश्रण झालं, की भडका सिलिंडरऐवजी बाहेर इनटेकमध्ये होतो. आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला माहीतच आहे. चार महिने ओल. पेट्रोलवर निमूट चालणारी गाडी गॅसवर टाकली की लगेच चुगली करायची. म्हणून जाणता मिस्त्री आधी प्लग, वायरी, टोपी बघायचा, टायमिंग किंचित पुढे घ्यायचा, आणि गॅसचं ट्युनिंग सगळ्यात शेवटी.

ट्युनिंगचा क्रमही ठरलेला. इंजिन पूर्ण गरम. आधी आयडल स्क्रू, गाडी एका जागी शांत उभी राहीपर्यंत. मग मिक्सरकडे जाणाऱ्या पाइपावरचा पॉवर स्क्रू, रेस दिल्यावर गाडी अडखळणार नाही आणि गॅसही फुकट जाणार नाही इतपत. ॲव्हरेजच्या लोभाने गॅस फार बारीक केला की इंजिन तापतं आणि व्हॉल्व्हच्या बैठकीवर मार बसतो. गॅस कोरडा. पेट्रोलच्या गाडीपेक्षा टॅपेट लवकर तपासायला हवेत, हे कितीतरी जणांना हेड उघडल्यावरच कळलं. ऑइल गॅसवर काळं पडत नाही, म्हणून ते बदलायचंच नाही, हा समजही तितकाच महागात पडला. आणि कायम गॅसवर चालवलेल्या गाडीचा कार्बोरेटर आतून सुकायचा, मग गरजेच्या वेळी पेट्रोलवर गाडी उठायचीच नाही. रोज थोडं अंतर पेट्रोलवर चालवा, हा सल्ला त्यातूनच आला.

हे झालं कौशल्याचं. पण कौशल्याने झाकता न येणारी एक गोष्ट होती. एलपीजी हवेपेक्षा जड आहे. गळला तर वर उडून जात नाही, सीटखाली, डिकीत, गॅरेजच्या खड्ड्यात साचून राहतो. मान्यताप्राप्त टाकी ८० टक्के भरली की आपोआप बंद होते आणि तिच्या व्हॉल्व्हला हवाबंद आवरण असतं. लाल सिलिंडरला यातलं काही नाही. तो ओट्याखाली स्थिर उभा राहावा म्हणून बनवलाय, खड्ड्यांतून आदळत जायला नाही. आणि त्याच्या पुढच्या सीटवर कोण बसलेलं असायचं? दाटीवाटीने कोंबलेली शाळेची पोरं, दवाखान्यात निघालेली बाळंतीण. बचत गाडीवाल्याची, धोका त्यांचा. शिवाय ज्या पाड्यांवर चुलीचा धूर तसाच राहिला, त्यांच्या नावाची सबसिडी कोणाच्या तरी डिकीत जळत होती. गाडीवाला काही श्रीमंत नव्हता, हेही खरं. त्याला कायदेशीर गॅस जवळ मिळाला असता तर त्यातल्या अनेकांनी हा उद्योग केला नसता, असं माझं मत आहे.

हा धंदा मोडला तो छाप्यांनी कमी आणि हिशोबाने जास्त. सप्टेंबर २०१२मध्ये सबसिडीच्या सिलिंडरवर वर्षाला सहाची मर्यादा आली. ती पुढे नऊ आणि मग बारा झाली. १ जानेवारी २०१५पासून सबसिडी थेट बँक खात्यात जमा होण्याची पद्धत देशभर लागू झाली. सिलिंडर पूर्ण किमतीला घ्यायचा म्हटल्यावर गणित फिसकटलं. मग सीएनजी आला, २०१९ साली ओम्नीचं उत्पादन थांबलं, आणि डॅशबोर्डखालचा तो स्विच हळूहळू दिसेनासा झाला.

आता कोणी म्हणेल, झालं गेलं, उगाळता कशाला? कारण सीएनजीच्या बाबतीत आपण तीच वाट धरतोय. एलपीजीच्या टाकीतला दाब साधारण पाच ते दहा बार असतो, सीएनजीचा २०० बार. सीएनजी टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी आणि एलपीजी टाकीची दर पाच वर्षांनी करून घ्यावी लागते. स्वस्तात जुनी टाकी, आरसीवर नोंद नाही, विमा कंपनीला कळवलेलं नाही, अशा गाड्या आपल्या रस्त्यावर नाहीत असं छातीवर हात ठेवून कोण सांगेल? उद्या काही झालं तर विम्याचा दावा तिथेच अडकतो.

तेव्हा एवढं करा. तुमचं मूल व्हॅनने शाळेत जात असेल तर ड्रायव्हरदादांना टाकीवरची तपासणीची तारीख दाखवायला सांगा. आरसीवर इंधनाच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा. शाळेला परिवहन समिती असणं नियमाने बंधनकारक आहे, तिच्या बैठकीत हा विषय काढा. गाडीत गॅसचा वास आला तर पोरांना आधी खाली उतरवा, बाकीची चर्चा नंतर. गळती बघायला साबणाचं पाणी वापरतात, काडी नाही.

आणि लोकप्रतिनिधींना एकच विचारणं आहे. नियम गावात पोचतो, दंडाची पावती पोचते. मग टाकी तपासणीचं मान्यताप्राप्त केंद्र आणि पुरेसे गॅस पंप आपल्या दोन्ही तालुक्यांत का असू नयेत?