झेनोबियेचे नाणे

पराभूतांचा इतिहास बहुधा विजेतेच लिहितात. पाल्मिराची राणी झेनोबिया हिची हकीकतही बव्हंशी रोमन लेखकांकडूनच कळते. तिचा स्वतःचा दावा मात्र एका लहानशा नाण्यावर उरला आहे.

पती ओडेनाथस मारला गेल्यावर अल्पवयी पुत्र वाबालाथस याच्या नावे तिने राज्य चालविले. इ. स. २७० मध्ये तिच्या फौजांनी इजिप्त घेतला. अलेक्झांड्रियाच्या टांकसाळीत प्रथम एका बाजूस रोमन सम्राट ऑरेलियन व दुसऱ्या बाजूस तिचा पुत्र, अशी नाणी पडली. २७२ मध्ये मात्र सम्राटाची छबी गेली आणि झेनोबियेचीही नाणी निघाली.

ते ओळखावे कसे? चांदी हिणकस, अक्षरे लॅटिन नव्हेत, ग्रीक. नावापुढे 'सेबास्ते', म्हणजे सम्राज्ञी, या पदवीची आद्याक्षरे. मागे 'एल'सारखी खूण म्हणजे 'वर्ष', आणि 'एप्सिलॉन' हे अक्षर म्हणजे पाच. पुत्राच्या राज्याचे पाचवे वर्ष. पाचवे वर्ष इतर सम्राटांच्या नाण्यांवरही असते. म्हणून नाव आधी वाचावे.

त्याच वर्षी ऑरेलियनने तिचा पराभव केला. सहावे वर्ष नाण्यावर उमटलेच नाही. म्हणूनच ही नाणी दुर्मिळ आहेत; पण तिचे नाव त्यांवर आजही वाचता येते.