छातीतील धडधड आणि विळ्याच्या आकाराच्या पेशी

धावल्यावर, घाबरल्यावर, तापात किंवा कॉफी जास्त झाल्यावर छाती धडधडते, हे आपण जाणतो. १९०४ साली शिकागोच्या रुग्णालयात दाखल झालेल्या २० वर्षांच्या विद्यार्थ्यानेही असेच नेहमीचे कारण शोधले होते. ग्रेनाडा बेटावरच्या या तरुणाला वर्षभर धडधड व धाप जाणवत होती. हा अति धूम्रपानाचा परिणाम, असे त्याला वाटे. डॉ. अर्नेस्ट आयर्न्स यांनी त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी दिसल्या. डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ही माहिती प्रसिद्ध केली आणि सिकलसेल रोगाची वैद्यकात नोंद झाली.

निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. या रोगात ती १० ते २० दिवसांतच फुटते. रक्त प्राणवायू कमी वाहून नेते आणि ती उणीव भरून काढण्यासाठी हृदय अधिक वेगाने चालते.

१९५८ मध्ये शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. भंडारा जिल्हा याच पट्ट्यातला. म्हणून अड्याळच्या शाळेत एखादी मुलगी खेळताना वारंवार धापा टाकत थांबत असेल, तर तिला ‘घाबरट’ ठरवून विषय संपवू नये. लोहाची कमतरता, थायरॉइडचा विकार, संधिवाती तापाने बिघडलेली हृदयाची झडप, ठोक्यांच्या तालातला दोष अशी इतरही कारणे असू शकतात. धडधड हे लक्षण आहे. त्यामागचे कारण रक्ततपासणी व हृदयाचा आलेखच सांगू शकतो.