सोनखताचा इतिहास आणि मीरा-भाईंदरचे सांडपाणी

मुंबईच्या उत्तर सीमेस लागून, एका अंगास वसईची खाडी व दुसऱ्या अंगास अरबी समुद्र यांच्या कुशीत मीरा-भाईंदर हे शहर वसले आहे. भातखाचरे, मिठागरे आणि कोळीवाडे यांचा हा टापू १९८५ मध्ये नगरपरिषदेच्या आणि २००२ मध्ये महानगरपालिकेच्या कारभाराखाली आला. २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या आठ लाखांवर भरली. माणशी वर्षाकाठी अडीच किलो नत्र व तृतीयांश किलो स्फुरद मलमूत्रावाटे बाहेर पडते असा अदमास धरल्यास, एवढ्या वस्तीतून दरसाल सुमारे दोन हजार टन नत्र व अडीचशे टनांहून अधिक स्फुरद सांडपाण्यात मिसळते असे म्हणावे लागते. हे द्रव्य मूळचे शेतातले. ते शेताकडे परत का जात नाही, या प्रश्नाचे उत्तर केवळ रसायनशास्त्रात सापडत नाही. त्यासाठी इतिहासाकडे वळणे अगत्याचे आहे.

महाराष्ट्रात हे द्रव्य एके काळी शेताकडे जात असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्यासारख्या नगरपालिका शहरातील मैला गाड्यांतून गावाबाहेर नेत, उथळ वाफ्यांत राख व केरकचरा यांच्यासह पसरीत आणि उन्हात वाळवून त्याचे खत करीत. यासच सोनखत म्हणत. प्रारंभी शेतकरी या खतास शिवण्यास नाखूष होते. परंतु कालव्याच्या पाण्यावर उसाची लागवड वाढू लागली, तसा हा संकोच मावळला. उसासारख्या अधाशी पिकास शेणखत पुरेनासे झाले आणि सोनखतास गिऱ्हाईक मिळून नगरपालिकांच्या तिजोरीत भर पडू लागली. हिंदुस्थानातील शेतीची पाहणी करून डॉ. व्होल्कर यांनी १८९३ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यातही अशा खताच्या उपयोगाची चर्चा आढळते.

तथापि या व्यवहाराची दुसरी बाजू हिशेबाच्या वह्यांत उमटलेली नाही. शेतकऱ्याचा संकोच सुटला. मैला उचलणाऱ्याचा कलंक मात्र सुटला नाही. टोपल्या व बादल्या डोक्यावर वाहणारे स्त्रीपुरुष जन्माने त्या कामास बांधलेले होते. सोनखत स्वस्त पडत होते, याचे एक कारण त्यांचे श्रम स्वस्त होते हे होय. मुंबई सरकारने १९४९ मध्ये वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या राहणीची चौकशी करणारी समिती नेमली, तेव्हा स्वातंत्र्य मिळून दोन वर्षे लोटली होती आणि डोक्यावरची टोपली कायमच होती.

मुंबईने निराळा मार्ग धरला. भुयारी गटारे बांधून मैला वरळीच्या समुद्रात सोडण्याची व्यवस्था तेथे झाली. या मार्गाने टोपली हळूहळू दूर झाली, परंतु तिच्याबरोबर खतही दूर झाले. याच मुंबईत त्यास एक लक्षणीय अपवाद घडला. माटुंग्याच्या महारोगी आश्रमात अभियंता सी. सी. जेम्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास बंद टाकीत मैला कुजविण्याचा प्रयोग केला, त्यातून निघणारा ज्वलनशील वायू उपयोगात आणला आणि टाकीतील पाणी आश्रमाच्या शेतीस दिले. वाहक माणसावाचूनही खत मिळू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. परंतु शहराच्या विस्तारास हा धडा मानवला नाही.

या दोन्ही बाजूंचा एकत्र विचार कृतीने करणारे गृहस्थ म्हणजे सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) होत. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी सफाईचे काम मागितले. ते नाकारण्यात आले, तेव्हा त्यांच्या समर्थनार्थ गांधीजींनी येरवड्यात ३ डिसेंबर १९३२ रोजी उपवास आरंभिला. पुढे कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी मलमूत्राचे खत करणारे सोपे संडास बांधून पाहिले. त्यांच्या विचारातील नवे तत्त्व असे, की खत करणे ही जातीची नव्हे, तर प्रत्येक घराची जबाबदारी ठरावी.

आज मीरा-भाईंदरपुढे हाच प्रश्न नव्या रूपाने उभा आहे. केंद्राच्या नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानाच्या साहाय्याने येथे भुयारी गटार योजना व शहराच्या निरनिराळ्या भागांत प्रक्रिया केंद्रे उभारण्यात आली. अशा केंद्रांचा मुख्य हेतू पाणी खाडीत सोडण्याजोगे करणे हा असतो. नत्राचा काही अंश वायुरूपाने हवेत जातो, स्फुरदाचा काही अंश गाळात बसतो आणि उरलेले दोन्ही पाण्याबरोबर खाडीस मिळते. उलटपक्षी शेतकऱ्यास नत्र ऊर्जा जाळून कारखान्यात करावे लागते, आणि स्फुरदाचा खनिज दगड देशास मोठ्या प्रमाणावर परदेशांतून आणावा लागतो.

यावर एक उपाय सर्वमान्य आहे. मॅग्नेशियम, अमोनिया व फॉस्फेट यांच्या संयोगाने स्ट्रुव्हाइट नावाचे स्फटिक बनतात. हे खनिज १८४५ मध्ये हॅम्बुर्ग येथे प्रथम ओळखले गेले. मूत्रखड्यांच्या एका प्रकारातही तेच असते. गाळ पिळून निघालेल्या दाट पाण्यात मॅग्नेशियम मिसळले, म्हणजे हे स्फटिक तळाशी बसतात आणि सावकाश विरघळणारे खत मिळते. जपानात विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा व्यवहारात उपयोग सुरू झाला. येथे स्थानिक इतिहासाचा एक दुवा जुळतो. मीठ काढून घेतल्यावर मिठागरात जे कडू पाणी उरते, ते मॅग्नेशियमने संपृक्त असते व या कामी वापरता येते. भाईंदरची ओळख ज्या मिठाने झाली, त्याच्याच उरल्यासुरल्या पाण्याने शहराचे स्फुरद परत मिळविता यावे, ही कल्पना अशास्त्रीय नव्हे.

तथापि सोनखताच्या इतिहासाचा निष्कर्ष निव्वळ तांत्रिक नाही. १९९३ च्या कायद्याने हाताने मैला उचलण्याच्या प्रथेस बंदी घातली. २०१३ च्या कायद्याने गटारे व मलटाक्या यांच्या धोकादायक सफाईचाही निषेध केला. असे असूनही टाक्यांत उतरून माणसे मरतात. नव्या योजनेची कसोटी म्हणूनच दुहेरी ठरते: खाडीत जाणारे किती टन खत वाचले, आणि ते वाचविताना कोणास टाकीत उतरावे लागले. पहिल्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर पुण्याच्या सोनखताने शंभर वर्षांपूर्वीच दिले होते. दुसऱ्या प्रश्नापुढे ते निरुत्तर राहिले.