अंदाज आणि खात्री

वाचकहो, घोड्यांच्या शर्यतीचा दिवस उजाडला, की ‘आज अमुकच जिंकणार’ असे सांगणाऱ्यांना तोटा नसतो. ते काय पाहतात? घोड्याच्या मागच्या शर्यती, आजचे अंतर, जॉकी आणि पाठीवरचे वजन. पुष्कळ शर्यतींत जिंकत आलेल्या घोड्यावर वजन अधिक घालतात. हेतू हा, की इतरांनाही संधी मिळावी.

१३ ऑगस्ट १९१९ ची अमेरिकेतली गोष्ट घ्या. न्यूयॉर्क राज्यात साराटोगा येथे ‘मॅन ओ’ वॉर’ हा दोन वर्षांचा घोडा उतरला. लागोपाठ सहा शर्यती जिंकलेला! बहुतेकांचा पैसा त्याच्यावरच. पाठीवर मात्र १३० पौंड. ‘अपसेट’ नावाच्या घोड्यावर ११५. सुटताना काय होते, हे शंकरपट पाहिलेल्यांना सांगायला नको. मॅन ओ’ वॉर सुटतानाच मागे पडला, पुढे इतर घोड्यांत अडकला. बाहेर पडून जिवाच्या आकांताने धावला, पण ‘अपसेट’ थोडक्यात जिंकला.

हा घोडा जन्मात २१ शर्यती धावला; हरला ही एकच. मग जाणत्यांचे चुकले काय? मला वाटते, अंदाज चुकला नव्हता. चुकले ते त्याला खात्री समजणारे. वीस वेळा खरे ठरले, म्हणून एकविसाव्या वेळी घर गहाण टाकायचे नसते. गुरुजी, संभाव्यतेचे गणित शिकवताना मुलांना एवढी गोष्ट जरूर सांगा.