वहिवाटीचा रस्ता

चाकणकडे जमिनीवरून वाद झाला की एक शब्द हमखास निघतो... वहिवाट! नकाशात रस्ता नाही, पण लोक वर्षानुवर्षं शेतातून जातायत. उघडपणे, हक्क म्हणून, सलग २० वर्षं वापर असेल तर १८८२ चा ईझमेंट कायदा तो हक्क मानतो.

प्रोग्रामिंगमध्ये असा कायदा नाही. तरी एकदा निकाल वहिवाटीच्या बाजूने लागला, त्याची ही गोष्ट.

पायथनमध्ये लॉगिंगची लायब्ररी २००३ साली आली, २.३ आवृत्तीत. तिच्यात गेटलेव्हलनेम नावाचं फंक्शन आहे. २० दिले की 'इन्फो' मिळतं. गंमत म्हणजे उलटंही चालायचं: 'इन्फो' द्या, २० घ्या. डॉक्युमेंटेशनमध्ये याचा उल्लेखही नव्हता. पण कॉन्फिग फाइलमध्ये लेव्हल नावानेच लिहिलेली असते ना, मग लोकांनी हीच वाट धरली.

मार्च २०१४ मध्ये ३.४ आलं आणि ही वाट चूक ठरवून बंद केली. फंक्शन एररही देईना. २० ऐवजी नुसता 'लेव्हल इन्फो' असा मजकूर हातात! शेवटी जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून त्याच ऑक्टोबरात ३.४.२ मध्ये वाट पुन्हा उघडली. आता डॉक्युमेंटेशनमध्ये हा सगळा इतिहास लिहिलेला आहे.

खरं तर डांबरी रस्ता शेजारीच होता. २०११ च्या ३.२ पासून सेटलेव्हलला थेट नाव देता येतं.

असो. प्रत्येक वेळी वाट परत उघडेलच असं नाही. सोमवारी आपला कोड एकदा तपासा, मंडळी!