सांध्याशेजारची मऊ रेघ : वाफ, पोलाद आणि गोंदिया जिल्हा

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेस अर्जुनी मोरगाव, तर वायव्येस तिरोडा. विसाव्या शतकाच्या आरंभी अर्जुनीवरून गोंदिया–नागभीड नॅरोगेज मार्ग गेला आणि झाडीपट्टीच्या जंगलात वाफेची शिटी घुमू लागली. त्या इंजिनांचे बॉयलर पत्र्यावर पत्रा ठेवून रिव्हेटांनी जोडलेले असत. आतील दाब वातावरणाच्या दहा-बारा पट. पुढे २०१२ ते २०१४ या काळात तिरोड्यास ६६० मेगावॅटचे पाच संच उभे राहिले. तेथील वाफेचा दाब पाण्याच्या क्रांतिक बिंदूच्या, म्हणजे सुमारे २२१ बारच्याही वर असतो. शंभर वर्षांत दाब वीसपटींहून अधिक वाढला. या वाढीचा इतिहास बहुधा यंत्रांच्या नावांनी सांगितला जातो. खरे तर तो सांध्यांचा इतिहास आहे.

सांधा फुटला की माणसे मरतात, हे हिंदुस्थानाला लवकर कळले. १८६३ मध्ये कलकत्त्यास बॉयलरचा भीषण स्फोट झाला आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा आला. अखिल भारतीय कायदा मात्र १९२३ चा. तोवर रिव्हेटची जागा वेल्ड घेऊ लागला होता.

वेल्ड म्हणजे काही सेकंदांची भट्टीच. वितळलेला धातू गोठतो हे डोळ्यांना दिसते. पण त्याच्या लगतचे, न वितळलेले पोलादही तापून निवते आणि त्याची अंतर्रचना पालटते. हाच उष्णताबाधित पट्टा. गावचा लोहार विळा तापवून पाण्यात बुडवतो, त्याला ‘पाणी देणे’ म्हणतात. धार कडक होते, पण पाणी जास्त झाले तर ती तुटते. वेल्डशेजारी नेमके हेच घडते, फक्त येथे पाणी कोणी दिलेले नसते. भोवतालचा थंड धातूच उष्णता ओढून घेतो.

हा कडकपणा आकड्यांत पकडण्याचे साधन याच सुमारास हाती आले. १९०० मध्ये स्वीडनच्या ब्रिनेलने पोलादी गोळी दाबून उमटणारा खड्डा मोजण्याची रीत मांडली. १९२० च्या दशकारंभी इंग्लंडच्या व्हिकर्स कंपनीत स्मिथ आणि सँडलंड यांनी गोळीऐवजी हिऱ्याचा चौकोनी मनोरा वापरला. त्याचा ठसा इतका बारीक की वेल्डपासून मूळ धातूपर्यंत ठशांची रांग घालून काठिण्याचा आलेखच काढता येतो.

साध्या पोलादासाठी एक ठोकताळा रुळला : वेल्डलगत ३५० व्हिकर्सच्या वर काठिण्य गेले तर धोका. ओलसर इलेक्ट्रोडमधून शिरलेला हायड्रोजन अशा कडक धातूला वेल्ड झाल्यावर तासाभराने, कधी दिवसानेही तडकवतो. दोन पिढ्यांच्या वेल्डरांच्या मनात त्यामुळे एकच समीकरण बसले, कडक म्हणजे वाईट.

वीजकेंद्रांनी या समीकरणाची परीक्षा घेतली. १९७४ पासून कोराडीत आणि १९८० च्या दशकात चंद्रपुरात संच सुरू झाले. त्या पिढीची वाफ ५४० अंशांच्या आसपास. इतक्या उष्णतेत साधे पोलाद भाराखाली वर्षानुवर्षे कणाकणाने ताणले जाते. या दोषाला क्रीप म्हणतात. त्यावर उतारा म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम : पहिला गंज रोखतो, दुसरा ताण. सव्वादोन टक्के क्रोमियमचे पोलाद त्या पिढीला पुरले.

वाफ आणखी तापवायची तर ते अपुरे पडणार होते. १९७० च्या दशकात अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेत नऊ टक्के क्रोमियमच्या जुन्या पोलादात व्हॅनेडियम, नायोबियम आणि नायट्रोजन यांची चिमूटभर भर घालण्यात आली. उद्देश होता जलद अणुभट्ट्यांचा. कल्पक्कमच्या जलद भट्टीतील वाफजनित्रांनाही याच जातीचे पोलाद वापरले आहे. पण १९८३ नंतर मानकांत आलेले हे ‘९१’ जगभर पसरले ते कोळशाच्या वीजकेंद्रांतून. सुपरक्रिटिकल संचांच्या जाड वाफनळ्या बहुधा याच्याच.

हे पोलाद भलतेच हट्टी. याला नुसत्या हवेनेच पाणी चढते. वेल्ड निवताच काठिण्य ४०० व्हिकर्सच्या पलीकडे जाते. म्हणून आधी नळी सुमारे २०० अंशांवर तापवायची, वेल्डनंतर ती शंभर अंशांखाली निवू द्यायची, म्हणजे रचना पूर्ण पालटते, आणि मग ७६० अंशांच्या आसपास काही तास धरून ठेवायची. तेव्हा कुठे काठिण्य २०० ते २५० च्या घरात येते. तापमान थोडे जरी फार चढले तरी पुन्हा रचना बिघडते. पोर्टेबल यंत्र घेऊन उभा असलेला तपासनीस आकडा खूप मोठा आला तर हरकत घेतो, हे ठीकच. पण आकडा फार लहान आला तरी त्याने सावध व्हायला हवे, कारण मऊ पडलेली नळी क्रीपला बळी पडते.

आणि सर्वांत कपटी दोष तर तपासनीसाच्या ठशांत सहसा सापडतच नाही. १९७४ मध्ये जर्मनीत शूलर आणि सहकाऱ्यांनी वेल्डजवळच्या भेगांचे चार प्रकार पाडले. चौथ्या प्रकारची भेग उष्णताबाधित पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला, मूळ धातूला भिडणाऱ्या काही मिलिमीटरच्या रेघेत पडते. तेथे उष्णता अर्धवट पोहोचलेली असते : पोलाद पूर्ण पालटलेले नसते, पण त्याचे बारीक कण मोठे झालेले असतात. ही रेघ वेल्डपेक्षाही मऊ आणि मूळ नळीपेक्षाही मऊ. हजारो तास काही होत नाही. मग पृष्ठभागाखाली सूक्ष्म पोकळ्या जुळत जातात.

वेल्डनंतर तापवणे या रेघेला बरे करत नाही. संपूर्ण नळी पुन्हा हजार अंशांवर नेली तरच ती पुसते, आणि वीजकेंद्रात बसवलेल्या नळीला ते जवळजवळ अशक्य. म्हणून अभियंते सांधे कमी ताणाच्या जागी नेतात आणि ठराविक तासांनी पृष्ठभागाची प्रतिकृती उचलून सूक्ष्मदर्शकाखाली पोकळ्या शोधतात. कल्पक्कम येथे आणि जपानमध्ये बोरॉनची मात्रा घालून ही रेघ उगवूच नये असे प्रयत्न झाले आहेत. त्यांत यशही आले, परंतु आधीच उभ्या असलेल्या हजारो सांध्यांसाठी ते उशिराचे. त्या सांध्यांची रेघ अजून मोजलीच जात आहे.